सुडीतली बुरशी आणि यांची किडनी

बावन्नाव्या वर्षी मला नवऱ्याची किडनी बसवली. त्यानंतर मी शहाणी झाले असेन, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी पुढचं जरूर वाचावं.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं होतं. अंगाने परकी किडनी झिडकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्यायच्या, आणि त्या गोळ्या रोगाशी भांडणारी ताकदच झोपवून ठेवणार. म्हणून माती, शेणखत, कुजका पाला, बुरसलेलं धान्य यांच्यापासून लांब राहायचं, बाहेर पडताना मास्क लावायचा. मी मान डोलवली. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आठ महिन्यांनी सोयाबीन निघालं. कापून सुडी, म्हणजे गंजी, लावली न लावली तोच पाऊस आला आणि ताडपत्री एका बाजूने उडाली. हे कामासाठी बुलढाण्याला गेलेले. ओला माल वेगळा काढावा तर मीच, बाकीच्या मजूर बायांना काय कळतं, हा माझा तेव्हाचा तोरा. गेले शेतात. सुडी फोडली तर आतून कोमट, पांढरीफटक. भपकन धुरळा उडाला. मास्क मी बाभळीला टांगला होता. तोंड झाकून हुकूम कसे सोडणार?

हे परतायच्या आत मी अंघोळ केली. ते आले तेव्हा बाईसाहेब मास्क लावून भाकरी थापत होत्या.

तीन आठवड्यांनी खोकला, ताप, छातीत कळ. फोटोत फुप्फुसावर डाग दिसला. धुळीत, कुजक्या मालात गेला होतात का, असं डॉक्टरांनी विचारलं. माझ्याआधी हेच कौतुकाने बोलले, "नाही हो, ही त घरातबी मास्क लावून भाकरी करते." मी मान डोलवली. डॉक्टर म्हणाले, टीबी असेल, दुसरंही काही असेल. शोधण्यात दिवस गेले तर फुप्फुस जाईल, किडनीही जाईल. यांचा हात नकळत स्वतःच्या कमरेवर गेला, टाके होते तिथे.

"मी ओली सुडी फोडली," मी म्हणाले. "मास्क बाभळीला होता."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. त्याच दिवशी घशातून फुप्फुसात नळी घालून तपासणी झाली. निघाली बुरशीच, फुप्फुसात मुक्कामाला आलेली.

बाहेर बाकावर हे माझ्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "तुले किडनी देली, संगं डोकंबी द्याले पाह्यजे होतं."

"किडन्या दोन होत्या म्हणून एक देली. डोकं एकच, तेबी तुम्ही जपून वापरता."

खोकत खोकत मी हसले. तेही हसले, पण डोळे पुसून.

बुरशीची गोळी महिनोन्महिने चालली. ती किडनीच्या गोळीचा जोर वाढवते, म्हणून किडनीची कमी केली. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचे. बुरशीची गोळी घेतली की अर्धा तास डोळ्यांपुढे रंग नाचायचे. यांच्या टकलाभोवती मी हिरवं तेज पाहिलंय. देवमाणूस म्हणतात तो हाच, अशी खात्री पटली.

डाग गेला, किडनी टिकली. आता नातवंडं झाली, तरी सोयाबीनच्या दिवसांत हे माझ्या चपला पिशवीत घालून शेतात नेतात. मी अनवाणीही जाऊ शकते, हे बारा वर्षांत त्यांना सुचलं नाही. मीही सांगत नाही. ओट्यावर मास्क लावून बसते आणि यांचा कमरेवरचा तो हात आठवून, मुकाट्याने, जात नाही.