कुलपाचं कुंड

आमच्याकडे बाळाचं नाव आत्याने ठेवायचं. तिने कानात कुर्र करून सांगेपर्यंत ते कुणाला कळू द्यायचं नाही, आणि ती वाकली की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. माझ्या भाचीची आत्या मी. पण माझ्यावर हे काम आलं ते सिंगापुरातल्या एका जुन्या इंग्रजी चर्चमध्ये, आणि धपाटे घालायला मागे आपली अशी एकही बाई नव्हती.

भाची जन्मली तीच हृदयाला भोक घेऊन. जन्मापासून हॉस्पिटलात होती, ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस घरी सोडली होती. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, बारसं ऑपरेशन झाल्यावर करू, थाटात." पण त्याची बायको इथलीच, चिनी, ख्रिस्ती घरातली. तिची आई हटून बसली, आधी बाप्तिस्मा, मग ऑपरेशन. त्यांना मी आंटी म्हणते. मनातल्या मनात मात्र तेव्हा बरंच काय काय म्हणत होते. एवढी कसली घाई लागली होती बाईंना? कसली ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणूनच तर माझं डोकं फिरलं होतं.

रविवारी यिशुनच्या माझ्या घरून एमआरटी मेट्रोने निघाले ती वेळेच्या फार आधी पोचले. चर्चमध्ये आंटी एकट्याच होत्या. रिटायर झाल्यापासून चर्चचा इतिहास सांगायचं काम त्यांनी अंगावर घेतलेलं. मला बघताच त्यांनी थेट बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नेलं.

पहिलं कुंड म्हणजे एक पितळी घंगाळच होतं म्हणे, कारण तेव्हा चर्चच मुळी पानांनी शाकारलेला मांडव होता. पुढे इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चने नवं कुंड घेतलं आणि आपलं जुनं जहाजाने इकडे पाठवून दिलं. आठ कोनांचं, करड्या दगडाचं, आतून शिशाचा पत्रा. इथल्या साहेबलोकांना ते काही दिवसांनी ओबडधोबड वाटायला लागलं. त्यांनी संगमरवरी मागवलं आणि हे बाहेर बागेत टाकलं, त्यात फुलझाडं लावली. मग युद्ध आलं. छप्पर कोसळलं, संगमरवराचे तुकडे झाले, आणि बागेतल्या या दगडाला साधा ओरखडा नाही. तेव्हापासून तेच पुन्हा आत आहे.

आंटींनी माझा हात धरून काठावरून फिरवला. दोन ठिकाणी लोखंडाचे खुंट मोडून दगडातच राहिले होते.

"इथे झाकण होतं. त्याला कुलूप लावायचे."

"पाण्याला कुलूप?"

"लोक ते पाणी चोरून न्यायचे. चेटूक करायला."

अगं बाई! म्हणजे करणी त्यांच्याकडेही होतीच की. मला हसू आलं. पण तेवढ्यात समोरच्या भिंतीवरच्या पाट्या दिसल्या. अमक्या साहेबांची मुलगी, तमक्या कप्तानाचा मुलगा. कुणाचं वय महिन्यांत लिहिलेलं, कुणाचं दिवसांत.

"ताप, कॉलरा," आंटी म्हणाल्या. "आजारी मुलांना इथे आधी आणायचे. धडधाकट असलं तर थांबता येतं लाह."

इथल्या लकबीने शेवटी 'लाह' जोडून बोलून गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. इथे आणलेल्यांतली किती परत घरी खेळली असतील, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

मग सगळे आले. पाद्रींनी नाव विचारलं, भावाने चर्चसाठी ठरवलेलं नाव सांगितलं. कपाळावर पाणी पडलं तरी भाची रडली नाही. रडायला तिला दमच पुरत नसे. ओठ निळसर दिसत होते. पाद्री पुढचं वाचणार तोच भावाने बाळ माझ्यापुढे धरलं, आणि मीही शहाणी, कुठे उभी आहे याचं भान न ठेवता वाकून मोठ्यांदा "कुर्रर्र" केलं. पाद्री पुस्तक हातात धरून बघतच राहिले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी तिच्या कानात नाव सांगितलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर भाऊ मागे लागला. "सांग ना, काय ठेवलंस?"

"आत्ता नाही. बरी होऊन घरी येऊ दे. पाळणा बांधू, बायका जमवू, मी धपाटे खाईन, आणि मग सगळ्यांसमोर सांगीन."

"ताई, तू पण ना!" तो चिडवायला निघाला होता, पण माझ्याकडे बघून थांबला. मला वाटत होतं, काम अर्धवट ठेवलं की ते पुरं करायला पोरीला परत यावंच लागेल. हसायचं त्याने खुशाल हसावं. मी घाबरले होते.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. दुपारी डॉक्टर बाहेर आले, आणि ते काही बोलायच्या आधीच आम्हाला कळलं.

आंटींनी भावजयीला पोटाशी धरलं होतं आणि त्या नातीचं चर्चमधलं नाव पुन्हा पुन्हा घेत होत्या. माझा त्यांच्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांच्यापाशी हाक मारायला नाव तरी होतं.

भाऊ बाकावर बसला होता. म्हणाला, "ताई, आता सांग."

मी त्याच्या कानाशी वाकले. कुर्र काही करवलं नाही, नुसतं नाव सांगितलं. त्याने ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग हात उचलून माझ्या पाठीत एक धपाटा घातला. दुसऱ्यासाठी त्याचा हात उठला नाही.