चौथी पायरी

दरेकसा गावचे भोजराज मेश्राम रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज सकाळी रुळांच्या कडेनं चालायचं आणि रूळ पक्का धरणारी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. माणूस तापट. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ताट सरकवून उठायचे.

२००४ साली ते गोंदियाच्या एका बौद्ध विहारात दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेले. तिथं भंतेजींनी ध्यानाच्या चार पायऱ्या समजावल्या. पहिलीत विचार चालूच असतात, दुसरीत ते निवतात, तिसरीत नुसतं सुख उरतं आणि चौथीत सुखही नाही, दुःखही नाही, तिथं समता. भोजराजना हे मनापासून पटलं. घरी आल्यावर ते रोज तासभर बसू लागले. वर्षभरात आवाज चढणं थांबलं. त्यांच्या बायकोला, अंजनाबाईंना, बरं वाटलं. कोणी विचारलं तर भोजराज सांगत, "तिसरीवर पोचून राहिलो. आता चौथी."

त्यांची एकुलती मुलगी रचना तिरोड्याला नर्स होती. २००७ सालच्या एका रविवारी ती घरी आली आणि जेवणं झाल्यावर म्हणाली, "बाबा, मले अश्विनसंग लगन करायचं हाय. जातीनं पोवार हाय तो. तुमी काय म्हणता?"

भोजराजच्या छातीत जुना राग उसळला. काही न बोलता ते आसनावर जाऊन बसले आणि डोळे मिटून श्वासाकडे लक्ष लावलं. रचना तासभर दारात उभी राहिली. मग पिशवी उचलून दुपारच्या गाडीनं निघून गेली.

महिन्याभरानं तिनं कोर्टात लग्न केलं. कळवलं फक्त आईला. भोजराजनी ते ऐकलं, मान हलवली. मन जराही हललं नाही, याचं त्यांना समाधान वाटलं.

"चौथी आली वाटते," ते म्हणाले.

अंजनाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "मले नाही समजत तुमची चौथी. पोरगी विचारून राहिली होती. हो म्हनायचं, नाही म्हनायचं, शिव्या तरी द्यायच्या. तुमी काऊन बोलले नाही? पयले रागवत होते तवा घरात मानूस हाय, असं तरी वाटे."

हे शब्द भोजराजना रुळावर चालतानाही सोडेनात. शेवटी सुट्टी काढून ते भंतेजींकडे गेले आणि सगळं सांगितलं.

भंतेजींनी एवढंच विचारलं, "मुलगी गेली, दुखतं का?"

"नाही," म्हणायला भोजराजनी तोंड उघडलं आणि त्यांना रडू फुटलं. भंतेजी ते ओसरेपर्यंत थांबले. "हे झाकून बसलात," ते म्हणाले, "त्याला मी समता म्हटलं नव्हतं."

तिथून भोजराज सरळ तिरोड्याला गेले. दार रचनानंच उघडलं.

"मले राग आला होता," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "आधी ठरवून मंग विचारलं म्हनून आला. जातीचाही आला. बौद्ध मानूस मी, अन् जात पाहतो, याची लाज वाटली, म्हनून लपवला. अजून थोडा हाय."

"मी तासभर उभी होती, बाबा."

"मले माहीत होतं. मी डोळे उघडले नाही."

 रचना दारातून बाजूला झाली. त्या दुपारी बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं, आणि संध्याकाळी दोघं एकत्र जेवली.

आता भोजराज निवृत्त आहेत. ध्यानाला बसतात, पण नात मांडीवर येऊन बसली की उठतात. अश्विनशी पुरतं जमलेलं नाही. तरी दोघं तिरोड्याजवळच्या बोदलकशाच्या तलावावर फिरायला जातात. कधी हसत परततात, कधी वाद घालत.