पळसबी आणि देवाची मेंढरं

दुपारपासून सुकन्या खोलीत नुसती येरझारा घालत होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यामागं तिची भाड्याची खोली. मागांची खडखड एरवी तिच्या कानावरनं जायची. आज डोक्यात जात होती.

मैंदर्गीकडची ही धनगराची पोर. बारावीनंतर लग्नाचं काढणाऱ्या मामाला तिनं ‘आधी मेंढरांची पोटं कशानं बिघडत्यात ते बघू दे’ म्हणून वाटेला लावलं होतं. आता पीएचडी. पळसाच्या बियांच्या भुकटीनं मेंढरांचे जंत जातात का, हा विषय. प्रयोग बापाच्याच कळपावर. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. निकाल असा झ्याक आला की तिच्या गाईड वैजयंती मॅडम डिपार्टमेंटभर सांगत सुटल्या.

त्यावरचा लेख नियतकालिकाकडं धाडण्याआधी तो तपासणाऱ्या एका प्रोग्रॅममधनं काढायचा होता. लेखात काय राहिलंय ते तो दाखवतो. असेल तिथं हिरवी खूण, नसेल तिथं लाल. गट कसे पाडले ते नाही म्हणून लाल आलं. तिनं लिहिलं, ‘चिठ्ठ्या टाकून.’ झालं हिरवं. पाजणाऱ्याला गट माहीत होते का, हेही त्याला हवं होतं. म्हणून तिनं बापाला फोन लावला.

“आबा, पाजताना तुमाला ठावं हुतं का, कुटलं औषद आन् कुटलं पाणी?”

“व्हय की,” येडूआबा म्हणाले. “त्याबिगार देवाची मेंढरं पाण्याकडं कशी घेतली आस्ती?”

“म्हंजी?”

“आगं, बिरोबाला सोडलेल्या मेंढ्यास्नी तुजं परीक्षेचं औषद कसं पाजायचं? तुज्या चिठ्ठीत त्या औषदाकडं आल्त्या. मी पाठीवरचा खुणेचा रंग पुसला आन् तरण्या मेंढ्यांसंगं बदलल्या.”

“मला सांगायचं न्हाई?”

“तू कुटं इच्चारलंस?”

फोन ठेवून तिनं ‘पाजणाऱ्याला गट माहीत होते’ असं लिहिलं. तेही हिरवं झालं. ती परत उठली. देवाची मेंढी विकत नाहीत, कापत नाहीत. दात झिजून ती कळपातच म्हातारी होते. म्हणजे थकलेली जनावरं पाण्याकडं, तरणी औषधाकडं. मग जंत पळसानं गेले, की तरण्यांच्या पोटात मुळातच कमी होते? पडद्यावर मात्र हिरवी खूण तशीच. प्रोग्रॅमला वाक्य सापडलं, त्याचं समाधान झालं. माळावर आबांनी काय केलं ते त्याला कुठनं दिसणार!

तेवढ्यात मॅडमचा फोन. “काय गं, झालं का हिरवं सगळं?”

“झालं, मॅडम.”

“मग धाड की. मुहूर्त काढून देऊ का?”

धाडला असता तर कुणालाच कळलं नसतं. आणि वैरागचा एखादा मेंढपाळ त्यावर भरवसा ठेवून, खरं औषध सोडून, पळसबी पाजत बसला असता.

“न्हाई धाडत, मॅडम.” शहरातली भाषा जिभेवरनं निसटलीच. तिनं सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, “देवाला दुसऱ्या कुणाची पीएचडी दिसली नाही का गं?”

“परत करायला लागंल.”

“शिष्यवृत्ती संपत आलीय तुझी. कळतंय ना?”

“कळतंय.”

तिनं ‘चिठ्ठ्या टाकून’ खोडलं आणि पुन्हा बापाला फोन लावला. “आबा, प्रयोग परत करायचाय. देवाची मेंढरं आधीच बाजूला काढायची.”

“आन् ऱ्हायलं कोण? तरणी मागल्या बाजारात इकली की!”

सुकन्यानं खुंटीवरची पिशवी ओढली. “आपल्या गावातल्या मल्लव्वामावशीचा कळप हाय न्हवं?”

“ती तुला मेंढरं दील? लई खट हाय ती.”

“तुमी इचारू नका,” पिशवीत कपडे कोंबत ती म्हणाली. “मीच येती.”