साडभाऊ आणि शेवटची नाव

दुसऱ्याच्या वस्तूंचा इतक्या मोकळ्या हाताने दानधर्म करणारा माणूस सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात दुसरा झाला नसेल. हे माझे साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पांढुर्ण्याला त्यांचं कापडाचं दुकान. स्वतःचं देऊन झालं की ते माझ्याकडे वळत. जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेऊन बाहेर आलो, तर माझ्या नव्या चपला एका अनवाणी म्हाताऱ्याच्या पायात. वर मलाच समजावलं, "पाहुणे, तुमच्या घरी जुन्या आहेत न." बोरगावच्या लग्नात माझ्या पानातली जिलेबी त्यांनी शेजारच्या पाहुण्याच्या पानात टाकली, तेही मी हात घालणार एवढ्यात.

रविवारी सकाळी सारं गाव टीव्ही असलेल्याच्या घरी लोटायचं, त्या दिवसांतली गोष्ट. ती गर्दी टाळून माझ्या शाळेतले दोन मास्तर, मी आणि साडभाऊ शनिवारी धरणातल्या बेटावर गेलो. बेट म्हणजे पाण्याने वेढलेली टेकडी, वर महादेवाचं देऊळ आणि एक धर्मशाळा. काठावरून नावेने जायचं. सोमवारी शाळेत तपासणी होती, म्हणून रविवारची शेवटची नाव चुकवायची नाही, हे मी साडभाऊंना येताना तीनदा बजावलं होतं.

रविवारी संध्याकाळी आम्ही नावेत बसलो, तोच दर्शनाला आलेल्या बायकांचा घोळका काठाशी आला. नाव भरलेली. साडभाऊ उठले. "बसा माय, आमाले काही घाई नाही," म्हणत त्यांनी माझा हात धरून मला खाली उतरवलं. मागोमाग दोघे मास्तर उतरले. उरलेल्या भाकरीचं गाठोडंही साडभाऊंनी नावेतच देऊन टाकलं. नावाडी म्हणाला, "आलोच परत." तो उजाडल्यावर आला, मधे इंजिन बिघडलं होतं.

त्या रात्री धर्मशाळेत भुकेल्या पोटी मी विचारलं, "आम्हाला एका शब्दाने विचारलं असतं तर?"

"तुमाले काहून विचारू?" ते खरोखर गोंधळले. "परक्याले विचारतेत न, पाहुणे."

मी पाठ फिरवली. सोमवारी दुपारी शाळेत पोहोचलो तोवर तपासणी आटोपली होती. हेडमास्तरांनी साऱ्या शिक्षकांसमोर माझी जी हजेरी घेतली, तिच्या आठवणीने अजून कान तापतात. पुढे महिनाभर मी साडभाऊंशी बोललो नाही. ते मात्र दर बाजाराच्या दिवशी येत, चहा मागून घेत आणि मी बोलत नाही हे त्यांच्या लक्षातही येत नसे.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलं, सुना, शेजारी, सगळे फार चांगले आहेत. माझं वर्तमानपत्र उचलायचं तरी आधी विचारतात, "घेऊ का?" मी "घ्या" म्हणतो, आणि उगाच परक्यासारखं वाटतं.