बोट घसरलं नव्हतं

ही हकिगत सांगायची मी दोन-तीन वर्षं टाळली. कोणी विषय काढलाच तर मला घरचं काम आठवायचं, नाहीतर ऐकायला कमी यायचं. म्हातारपणाचा हा एक फायदा आहे. आपण बहिरे आहोत यावर लोक चटकन विश्वास ठेवतात.

मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी शाळांत जन्मभर विज्ञान शिकवलं. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, सगळं रंगीत खडूंनी फळ्यावर काढायचो. फक्त कमरेखालचा धडा आला की "हा घरी वाचा" म्हणून पुढच्या धड्यावर उडी मारायचो. पोरं तेवढा धडा मात्र मन लावून वाचत. निवृत्तीनंतर नेरडीगोंड्याजवळ हायवेच्या कडेला एका चहाच्या टपरीवर आम्हा म्हाताऱ्यांची रोज सकाळी बैठक बसू लागली, आणि तिथे त्या धड्याशिवाय दुसरा विषयच नसे. कोणाला लघवी होत नाही, कोणाला सारखी होते, कोणाची मधेच थांबते.

सारखी होणाऱ्यांत पहिला नंबर दाजींचा. दाजी म्हणजे माझे शेजारी, कापूस-ज्वारी करणारे. त्यांची बायको माझ्या गावची, म्हणून ती मला दादा म्हणे आणि ते आपोआप माझे दाजी झाले. एक कप चहा संपेपर्यंत दाजी दोनदा टपरीमागे जाऊन येत. तिथलं सीताफळाचं झुडूप त्या साली भलतंच फोफावलं, त्याचं सगळं श्रेय आम्ही त्यांना दिलं.

"हसा लेकहो," दाजी म्हणत. "तुमच्यावर बी हे येनार हाय. तवा म्या इथंच बसून टाळ्या वाजवीन."

बसमध्ये मात्र हसण्यावारी नेता येईना. एकदा आदिलाबादला जाताना त्यांनी कंडक्टरला तेलुगूत "आपंडी, आपंडी!", म्हणजे थांबवा, अशी आरोळी ठोकली की ड्रायव्हरनं अपघात झाला समजून ब्रेक मारला. दाजी उतरले, सगळी बस खिडकीतून बघत राहिली, आणि बघत राहिली म्हणून त्यांना काही होईना. त्यानंतर त्यांनी आदिलाबादला जाणंच सोडलं. शेवटी बायकोनं जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. स्कॅनिंग झालं. त्याच दिवशी त्यांनी मला रिपोर्टचा फोटो पाठवला आणि फोन केला.

"गुर्जी, डाक्टर तेलुगूत बोलला. म्या सरे सरे, म्हंजे बरं बरं, म्हनून आलो. त्या कागदात काय लिवलंय ते सांगा. अन् कोनाले दाखवू नका बरं."

जन्मभर चुकवलेला धडा मी त्या दिवशी पहिल्यांदा शिकवला. म्हटलं, दाजी, मूत्राशयाच्या खाली पुरुषाला एक ग्रंथी असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. वय झालं की बहुतेकांची वाढते, आणि वाढली की नळी आवळते. मग धार बारीक होते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, म्हणून सारखं जावं लागतं. तुमची मोसंबीएवढी झाली आहे. रिपोर्टात कर्करोगाबिरोगाचं काही लिहिलेलं नाही.

"म्हंजे माही मर्दानगी जाग्यावर हाय?"

"जाग्यावर हाय."

"जाग्यावर राहून काय कामाची, गुर्जी?"

डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. त्या गोळीनं नळीभोवतीचे स्नायू सैल होतात. आठवड्याभरात दाजी एका चहाला एकदाच उठू लागले. सीताफळाचं नुकसान झालं, पण माणूस खूश होता.

आता माझ्याकडे येतो. मला साखरेचा आजार आहे. गोड सोडलं असं मी बायकोला, डॉक्टरला आणि टपरीला सांगितलं होतं. बिनसाखरेचा चहा पिऊन दुसऱ्यांना पथ्यावर भाषणं द्यायचो. एक दिवस आदिलाबादला एका मिठाईच्या दुकानात मी भिंतीकडे तोंड करून गरम जिलेबी खात होतो, आणि बसची भीती गेल्यामुळे दाजी नेमके त्याच दिवशी तिथे आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टपरीवर माझी नक्कल केली. भिंतीकडे तोंड, मागे-पुढे बघणं, बोटं चाटणं, शेवटी शर्टाच्या बाहीला हात पुसणं, सगळं हुबेहूब. हसून हसून एकाची कवळी निसटली. दुपारपर्यंत माझ्या बायकोलाही कळलं. तिनं मला काय ऐकवलं ते लिहीत नाही, पण त्यात माझ्या शिक्षणाचा उल्लेख दोनदा आला.

मी चिडलो होतो. जेवून खाटेवर पडलो, फोन काढला, आणि दाजींचा रिपोर्ट आमच्या टपरीच्या ग्रुपवर टाकला. नीट विचार करून, फोटो निवडून, ग्रुप निवडून टाकला. चष्मा डोळ्यांवर होता.

पहिल्यांदा हसण्याची चित्रं आली. मग एकानं लिहिलं, "दाजी, मोसंबीचा भाव काय?" मोसंबीची गोष्ट मी आदल्याच आठवड्यात 'एका ओळखीच्या माणसाची' म्हणून टपरीवर सांगून ठेवली होती. तेव्हा मला दाजींचं फोनवरचं बोलणं आठवलं. कोनाले दाखवू नका, असं ते म्हणाले होते. मी घाईघाईनं फोटो दाबून धरला आणि 'डिलीट फॉर मी' केलं. माझ्या फोनवरून फोटो गेला, आणि मला वाटलं जगातून गेला. सगळ्यांच्या फोनवरून पुसायचं बटण वेगळं असतं हे मला नंतर कळलं. ज्यानं पाप केलं फक्त त्याच्याच नजरेआड ते करायची सोय फोनवाल्यांनी कशासाठी केली असेल, देव जाणे.

सकाळी दाजी टपरीवर आले. मी आधीच बोलून टाकलं. "दाजी, बोट घसरलं. तुम्हालेच पाठवत होतो."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि बाकीच्यांना म्हणाले, "काऊन हसून राह्यले रे? मास्तरचं बोट घसरलं, तुमची तं जीभ घसरते. अन् मोसंबी हाय माही. तुमची बोरं सांभाळा."

विषय तिथेच संपला. त्यांनी माझं खोटं इतक्या सहज मान्य केलं की मला खरं बोलायला जागाच उरली नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं तर भरपूर जागा होती.

तो रिपोर्ट मात्र हिंडत होता. आमच्यातल्या एकानं सल्ला विचारायला आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठल्याशा घरगुती औषधांच्या ग्रुपवर गेला. त्याच्या माथ्यावर दाजींचं नाव, वय आणि फोन नंबर छापलेला होता. आपण दाराला कुलूप लावून किल्ली विटेखाली लपवतो, आणि स्वतःच्या आतड्याकातड्याचा हिशेब नंबरासकट गावभर वाटतो. दुसऱ्याचा तर आणखी खुशीनं.

महिन्याभरानं दाजी माझ्या ओसरीवर आले. चेहरा फुललेला.

"गुर्जी, एका मोठ्या वैद्याचा फोन आलता. हिंदीत बोलला, लई गोड मानूस. म्हने गोळ्या बंद करा, किडनी खराब होते. माहा पावडर घ्या, गाठ वितळून जाते."

"अनोळखी माणसाचं काऊन ऐकता?"

"अनोळखी कसा? त्याले माहं वय ठावं. माह्या गाठीचं वजन किती ग्राम हाय थे बी ठावं. माह्या बायकोले नाही ठावं थे! त्याले कसं माहीत झालं असंल, गुर्जी?"

मला माहीत होतं. त्या क्षणी, ओसरीवर, अगदी स्पष्ट माहीत होतं. तो आकडा रिपोर्टात होता आणि रिपोर्ट मी सोडला होता. ते सांगितलं असतं तर दाजींनी 'टाकला काऊन?' हा पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्या प्रश्नाला घसरलेल्या बोटाचं उत्तर पुरलं नसतं.

मी म्हणालो, "दवाखान्यातून मिळालं असंल."

"मंग तं खराच डाक्टर हाय," दाजी म्हणाले, आणि समाधानानं गेले. विज्ञानाच्या मास्तरनं शिक्का मारला होता.

त्यांनी गोळी बंद केली आणि पावडर सुरू केली. पुन्हा एका चहाला दोनदा उठू लागले. वैद्य फोनवर म्हणे, गाठ वितळताना असं होतंच. मी बघत होतो. एकदा म्हटलं, "दाजी, गोळी परत सुरू करून पाहा." ते म्हणाले, "गुर्जी, तुमी जिलेबी सोडा, मंग बोला." सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता आलं म्हणून बरं वाटलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी, त्यांची लघवी पूर्ण बंद झाली. मी गेलो तेव्हा ते शेतातच बसले होते. बेंबीखाली पोट कलिंगडासारखं टणक वर आलं होतं. आम्ही रिक्षात घालून आदिलाबादला नेलं. प्रत्येक खड्ड्याला ते मला शिव्या देत होते, ड्रायव्हर समजून. दवाखान्यात नळी घातली आणि पिशवी भरत गेली तसा त्यांचा चेहरा सैल होत होत माणसासारखा झाला. पण डॉक्टर म्हणाले, हे आज झालेलं नाही. बरेच दिवस लघवी तुंबत होती, मागे दाब जाऊन मूत्रपिंडं खराब झाली आहेत.

नंतर दोन वर्षं दाजी पिशवी घेऊन राहिले. ऑपरेशन झेपण्यासारखी तब्येत राहिली नव्हती. धोतराआड पिशवी टांगून टपरीवर येत. "आता बस कुठंबी जाऊ द्या," म्हणत, "माही टाकी माह्याजवळ हाय." मी रोज त्यांच्या शेजारी बसायचो. आज खरं सांगायचं, असं रोज ठरवून जायचो. कधी तिसरा माणूस असे, कधी ते आनंदात असत आणि तो मोडावासा वाटत नसे, कधी ते दुखण्यात असत आणि तेव्हा बोलणं बरं दिसत नसे. माझ्याकडे कारणांची कधीच टंचाई पडली नाही.

गेल्या पिकाच्या हंगामात ते गेले. बहिणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या हाताला धरून सगळ्यांसमोर सांगितलं, "दादानं लई केलं त्यांचं." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

रोज टपरीपर्यंत जाताना मी काय घोकत होतो ते आता लिहितो, कारण ऐकणारा आता नाही.

दाजी, म्या जाणूनबुजून टाकला तुमचा रिपोर्ट. एका जिलेबीपायी टाकला. अन् त्या फोनवाल्याचं तुमी मले विचारलं, तवा मले सगळं ठावं होतं, अन् म्या दवाखान्याचं नाव घेतलं. तुमी माह्या भरवशावर गोळी सोडली. मले माफ करा, दाजी.