आप्पांच्या वहीतलं इंग्रजी

निळ्या टॉवेलाबरोबर धुतलेली पांढरी पट्टी निळी होऊन बाहेर आली. नरसय्या मास्तरांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, रंग जातोय. माल असा पाठवता येत न्हाय."

मी सोलापूरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघते. मास्तर म्हणजे विणकामापासून पॅकिंगपर्यंत सगळ्याचे प्रमुख. रंग जातोय म्हणजे माल पुन्हा प्रोसेसला, म्हणजे दहा दिवस उशीर. ही आमची पहिली परदेशी ऑर्डर. लंडनजवळ एका नव्या हॉटेलचं उद्घाटन ठरलेलं. ऑर्डर हातची गेली असती तर नव्या चार लूमवर कापड टाकून ठेवावं लागलं असतं, आणि माझ्या खुर्चीवरही.

"आप्पा, उशीर होणार असं सरळ कळवून टाकू," मी मालकांना म्हणाले.

"सरळ? पाव्हण्याला दारातच वाईट बातमी सांगता व्हय? जरा नटवून लिवा की."

नटवायचं सामान तयारच होतं. मराठी पत्र 'सा.न.वि.वि.'शिवाय उघडं दिसतं, तसं इंग्रजी ईमेल वाक्प्रचाराशिवाय, असा आप्पांचा पक्का समज. रोज अकराच्या चहाला मी एक वाक्प्रचार सांगायचा आणि त्यांनी तो वहीत उतरवून घ्यायचा, असा वर्षभराचा रिवाज. दोष माझाच. शिकवायची हौस मला.

आप्पांनी वही उघडली. "'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड' घ्या." म्हणजे प्रयत्नांत कसर न ठेवणं. घेतलं. "'ऑल हँड्स ऑन डेक' ऱ्हायलं." म्हणजे झाडून सगळे कामाला लागलेत. तेही घेतलं. मग 'लाइट ॲट द एंड ऑफ द टनेल', म्हणजे अडचण आता संपत आली. शेवटी मलाच मोह आवरेना. तुमची सेवा करताना आम्ही 'ओव्हर द मून' आहोत, म्हणजे आनंद गगनात मावत नाही, असंही मी ठोकून दिलं. ईमेल वाचून वाटावं, सोलापुरात कुणाचं तरी लग्न आहे. 'दहा दिवस' हे दोन शब्द मात्र कुठंच नव्हते.

चार वाजता तिकडच्या खरेदी बघणाऱ्या हेलन मॅडमचं उत्तर आलं. "तुमचा ईमेल तीनदा वाचला. इन अ नटशेल, टॉवेल तयार आहेत की नाहीत? तासाभरात कळलं नाही तर मी दुसरीकडे बघते."

मी घड्याळ बघितलं. आप्पा मात्र खुलले.

"इन अ नटशेल! म्हंजे?"

"थोडक्यात."

"नवीन हाय की!" त्यांनी वही ओढली.

"आप्पा, ऑर्डर चाललीय!"

पेन थांबलं. मास्तर इतका वेळ दारातच होते. त्यांनी नमुन्याचा टॉवेल उचलला आणि कडेची नक्षी दाखवली.

"मालक, ही बॉर्डर. दिसायला लई भारी. पण हिला फासा नसतो." फासे म्हणजे टॉवेलावर उभे असलेले सुताचे बारीक वेढे. पाणी तेच शोषतात. "नुसत्या बॉर्डरनं अंग पुसून बघा. कोरडं व्हत न्हाय. ती बाई तिकडं ओली उभारलीय. तिला टॉवेल द्या आदी."

आप्पांना हसू फुटलं, पण वही मिटली. "सांगा मास्तर. मॅडम, लिवा."

मास्तर सांगत गेले, मी जसंच्या तसं इंग्रजीत टाइप केलं. टॉवेल तयार नाहीत. रंग जातोय. पुन्हा पक्का करतोय. दहा दिवस लागतील. सोबत निळ्या पट्टीचा फोटो जोडला. चार वाक्यं, आणि ईमेल पाठवून दिला.

पावणेपाचला उत्तर आलं. दहा दिवस चालतील. उद्घाटन लांब आहे, मला फक्त खरी तारीख हवी होती. आणि खाली एक ओळ: यापुढची पत्रं हे ज्यांनी लिहिलं त्यांनीच लिहावीत.

तेव्हापासून आमच्या ईमेलखाली नरसय्या मास्तरांचं नाव असतं. वाक्प्रचार एकच घालतो, तोही बातमी सांगून झाल्यावर, कडेला. मास्तरांना इंग्रजी अजिबात येत नाही. माझं मात्र बरंच सुधारलंय.