कार्बाइडचा गॅस आणि पोरीचं काम

मी चोपड्याचा, ट्रॉल्या-वखरं वेल्डिंग करणारा माणूस. शिक्षण चौथीपर्यंत. पोर जळगावला रसायनात पीएचडी करत होती. एकदा विचारलं तर म्हणाली, आबा, कार्बाइडवर पाणी टाकून तुम्ही जो गॅस जाळता ना, त्याच्याच भाऊबंदांवर माझं काम आहे. झालं! आमच्याकडं कार्बाइड म्हणजे केळी पिकवायची पुडी. गावभर सांगून बसलो, पोर बिनविषारी पुडी काढतेय. ती हसली, "आबा, केळं पिकाडानं काम नही शे ते." मी ऐकलं नाही. बोललो ते बोललो.

पावसाळ्यात तापानं ती गेली.

तेराव्यानंतर तिचं सामान आणायला गेलो. तिच्याबरोबर काम करणारी मैत्रीण पिशवी भरून बसली होती. म्हटलं, सामान राहू दे, आधी काम सांग. समजल्याबिगर उठत नाही. तिनं कागदावर सहा कोनांचं कडं काढलं, एका कोनात नायट्रोजन. शेजारच्या कार्बनला हायड्रोजन चिकटलेला, जोड लई पक्का. धातूची चिमूट तो जोड उघडते. मग गॅसच्या भाऊबंदाच्या तिहेरी जोडाच्या एका टोकाला हायड्रोजन बसतो, दुसऱ्या टोकाला कडं. वाया काही जात नाही अन् धातू पुन्हा मोकळा. मी म्हटलं, म्हणजे सोयरीक जमवणारा. एक लग्न लागलं की निघाला दुसऱ्या घरी. ती हसली, मग रडायला लागली.

"अडलं कुठं?"

"कडं कधी या टोकाला बसतं, कधी त्या. तिला एकाच टोकाला बसवायचं होतं. नवा धातू तिनं ठरवला होता, करून बघायचं राहिलं."

"तू कर."

तिनं माझ्यासमोर कुपी तापायला लावली. उद्या कळेल म्हणाली. मी एसटीनं घरी आलो, बायकोला सांगितलं. तिनं एवढंच धरलं, पोरीचं काम उद्या पुरं होणार.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. "नाही जमलं, आबा. निम्मं इकडं, निम्मं तिकडं." परत करशील का, विचारलं. ती नोकरीचं बोलली. तिला पुण्याला नोकरी लागली होती, जायचं होतं. पुढं ते काम करणारं कोणी नव्हतं.

घरी आलो तर बायको दारातच उभी, झालं का ते विचारायला.

"व्हयनं का पोरनं काम?"

खोटं बोलायची मला सवय नाही, कोणालाही विचारा.

"व्हयनं."

तिनं वाटीत साखर घेऊन देवापुढं ठेवली. मग तीच माझ्या हातावर घातली. मी खाल्ली.